एक मत वाचताना

डिसेंबर २००८. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. एका टेबलाशी पाच माणसं बसली आहेत. त्यातले चौघं न्यायाधीश आहेत, आणि त्या चौघांतले दोघं तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले. पाचवे मार्क रिची, राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे तिथल्या निवडणुकांची जबाबदारी असलेले अधिकारी. हे पाचही जण एका मतपत्रिकेकडे टक लावून पाहत आहेत आणि इंटरनेटवरून हजारो लोक त्यांना पाहत आहेत.

मतपत्रिका अमेरिकी सिनेटच्या जागेची. प्रत्येक उमेदवाराच्या नावाशेजारी एक लहानशी अंडाकृती छापलेली आहे. आपल्या उमेदवारापुढची अंडाकृती काळी करायची, एवढंच मतदाराचं काम. या मतदाराने अल फ्रँकन यांच्या नावापुढची अंडाकृती भरली आहे. पण यादीबाहेरच्या कुणाला मत द्यायचं असेल तर नाव लिहिण्यासाठी जी मोकळी ओळ सोडलेली असते, तिथेही त्याने दोन शब्द लिहिले आहेत : ‘लिझर्ड पीपल’. सरडेमाणसं!

आता हे मत फ्रँकन यांचं धरायचं का? फ्रँकन यांचे वकील म्हणाले, सरडेमाणसं नावाचा उमेदवारच अस्तित्वात नाही, तेव्हा उरतं ते एकच खरं नाव. पण एका जागेसाठी दोन पसंती दिसल्या, असं म्हणून या पाच जणांच्या मंडळाने ते मत फ्रँकन यांच्या खात्यात धरलं नाही.

या प्रसंगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातला विचित्रपणा माझ्या लक्षात राहिला होता. पुन्हा वाचताना मात्र मी थक्क झालो. एका अनोळखी माणसाने पडद्याआड, मिनिटभरात, काहीतरी खरडलं. तो कोण, हे त्या टेबलाशी कुणालाही माहीत नव्हतं आणि माहीत होऊही द्यायचं नव्हतं. तरीही त्याला काय म्हणायचं होतं, हे समजून घेण्यासाठी एका राज्याचे सरन्यायाधीश मान खाली घालून तो कागद वाचत होते. मतमोजणी आपल्याला बेरीज वाटते. अटीतटीच्या निवडणुकीत ती बेरीज राहत नाही. तिथे मत वाचावं लागतं.

वीस टनांत एक-दोन ऊस

त्या निवडणुकीत सुमारे २९ लाख मतं पडली होती. रिपब्लिकन पक्षाचे नॉर्म कोलमन विद्यमान सिनेटर होते, तर डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकन आव्हानवीर. पहिल्या अधिकृत बेरजेत कोलमन २१५ मतांनी पुढे होते. सगळं आटोपलं तेव्हा फ्रँकन ३१२ मतांनी जिंकले होते : १२,१२,६२९ विरुद्ध १२,१२,३१७.

२९ लाखांत ३१२ म्हणजे किती? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस टन उसाची गाडी उभी आहे अशी कल्पना करा. त्या वजनात ३१२ मतांच्या तोडीचा फरक भरतो साधारण दोन किलोंचा, म्हणजे एक-दोन ऊस. असे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी वजन दाखवतात. त्यामुळे दोन गाड्यांत एका उसाचा फरक आहे की नाही, हे काट्याला विचारून कळणारच नाही. काटा खोटा असतो म्हणून नव्हे, तर तो इतक्या बारीक प्रश्नासाठी घडवलेलाच नसतो म्हणून.

निवडणूक हीसुद्धा एक मोजणी आहे आणि प्रत्येक मोजणीला तिचा असा बारीकपणा असतो. उमेदवारांत लाखाचं अंतर असेल तर चार मतं इकडची तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. चुका असतात, फक्त त्या दिसत नाहीत. अंतर त्या चुकांपेक्षाही लहान झालं की एरवी झाकलेलं सगळं उघड्यावर येतं. अटीतटीची निवडणूक नव्या चुका घडवत नाही, जुन्याच दाखवते. मिनेसोटात अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असल्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे फेरमतमोजणी आपोआप लागू झाली. ती कुणाला मागावी लागली नाही.

यंत्राला न दिसलेलं मत

१९ नोव्हेंबरपासून राज्यभर त्या २९ लाख मतपत्रिका एकेक करून हातांनी मोजल्या गेल्या. पहिली मोजणी यंत्राने केली होती. यंत्राला एकच भाषा कळते : अंडाकृतीत शाई आहे किंवा नाही. माणसं मात्र नाना तऱ्हांनी बोलतात. कुणी अंडाकृती न भरता नावाला गोल करतो, कुणी बरोबरची खूण करतो, कुणी दोन्ही अंडाकृती भरून एकीवर काट मारतो. यंत्राच्या लेखी ही मतं कोरी किंवा बाद. माणसाने पाहिलं की त्यातल्या बऱ्याच मतांचा अर्थ क्षणात लागतो.

मतदाराचा हेतू कळत असेल तर मत बाद करू नये, असं मिनेसोटाचा कायदा सांगतो. पण त्याच कायद्यात आणखी एक अट आहे. मतदाराने आपली ओळख पटावी म्हणून नाव किंवा सही केली असेल तर हेतू कितीही स्पष्ट असला तरी मत बाद. पहिल्यांदा हे निष्ठुर वाटतं. पण कारण समजलं की त्यामागचं शहाणपण उलगडतं. ज्या मतावर ओळखीची खूण ठेवता येते ते मत विकता येतं. पैसे देणारा म्हणू शकतो, ‘कोपऱ्यात अमुक खूण कर, मोजणीच्या वेळी माझा माणूस पाहील.’ मतदाराचं म्हणणं ऐकायचं, पण तो कोण हे कळता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात.

दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी मिळून साडेसहा हजारांहून अधिक मतपत्रिकांवर आक्षेप घेतले. बहुतेक आक्षेप त्यांनी पुढे मागेही घेतले. उरलेल्या हजाराहून अधिक मतपत्रिका त्या पाच जणांनी एकेक करून वाचल्या. वृत्तसंस्थांनी त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध केली आणि घरोघरी लोक स्वतःच न्यायाधीश होऊन बसले. मिनिआपोलिसमधल्या एका केंद्राच्या १३३ मतपत्रिका काही केल्या सापडेनात. गोदाम धुंडाळलं, तरी नाहीत. अखेर त्या केंद्रासाठी मतदानाच्या रात्री यंत्राने नोंदवलेला आकडा धरला गेला. कागद हरवला होता, पण त्या रात्रीची नोंद शिल्लक होती.

मग आली बंद पाकिटं. केंद्रावर न जाता पाठवलेल्या मतांपैकी काही हजार पाकिटं कर्मचाऱ्यांनी न उघडताच नाकारली होती. सही जुळत नाही, पत्ता चुकला, साक्षीदाराची माहिती अपुरी, अशी कारणं. त्यातली काही चुकीने नाकारली गेली होती. ३ जानेवारी २००९ रोजी अशी ९३३ मतं मोजली गेली आणि फ्रँकन २२५ मतांनी पुढे आले. कोलमन न्यायालयात गेले. तीन न्यायाधीशांसमोर सात आठवडे सुनावणी चालली आणि ७ एप्रिलला आणखी ३५१ पाकिटं उघडली. फ्रँकन १९८, कोलमन १११, इतर ४२. अंतर ३१२ झालं. ३० जूनला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला आणि त्याच दिवशी कोलमन यांनी हार मान्य केली. ७ जुलै रोजी, मतदानानंतर २४५ दिवसांनी, फ्रँकन यांनी शपथ घेतली.

त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला अमेरिकी सिनेटने ओबामांचा आरोग्यविमा कायदा ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केला. चर्चा थांबवून मतदान घ्यायला तिथे ६० जणच लागतात. त्या साठांत फ्रँकन होते.

मोजताना बदलणारा कागद

याच देशात आठ वर्षं आधी हेच काम विस्कटलं होतं. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यात जवळजवळ साठ लाख मतांपैकी अखेरचं अंतर राहिलं ५३७ आणि त्यावर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरायचा होता.

तिथल्या अनेक परगण्यांत मतपत्रिका म्हणजे जाडसर कार्ड असे. उमेदवारासमोरच्या खाचेत टोकदार सळई दाबायची की कार्डातला आधीच अर्धवट कापलेला चौकोनी तुकडा खाली पडतो. या तुकड्याला चॅड म्हणतात. पण सळई नीट दाबली गेली नाही, तर चॅड एका कोपऱ्याने लोंबकळत राहतो, कधी दोन कोपऱ्यांनी, कधी त्यावर नुसता खळगा पडतो. यंत्र भोकातून येणारा उजेड पाहतं. चॅड लोंबकळत असेल तर कधी उजेड दिसतो, कधी नाही. त्यात कार्ड यंत्रातून गेलं, हातात घेतलं, हलवलं की काही चॅड गळून पडतात. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची वस्तू बदलते! प्रयोगशाळेत सूक्ष्म कणांच्या बाबतीत ऐकलेली गोष्ट इथे पुठ्ठ्याच्या कार्डावर घडत होती.

खरी अडचण त्याहून खोल होती. किती लोंबकळलेला चॅड म्हणजे मत, याचा एकच नियम राज्याने आधी ठरवलेला नव्हता. एका परगण्यात एक निकष, शेजारी दुसरा. आणि निकष ठरवणाऱ्या प्रत्येकाला तोवर कोण पुढे आहे हे ठाऊक होतं. १२ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी थांबवली.

पुढच्या वर्षी मोठ्या वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन शिकागोच्या एका संशोधन संस्थेकडून वादातल्या १,७५,०१० मतपत्रिका तपासून घेतल्या. उत्तर आलं ते असं : गोर यांनी मागितली होती तशी मोजक्या परगण्यांतली फेरमोजणी पूर्ण झाली असती तरी बुशच जिंकले असते, राज्यातल्या सगळ्या वादग्रस्त मतपत्रिका पाहिल्या असत्या तर गोर थोडक्या मतांनी पुढे निघाले असते. मतपत्रिका त्याच, उत्तरं दोन. काय मोजायचं हे ठरवल्याशिवाय किती हे सांगताच येत नाही.

आपल्या शिक्क्याची करामत

भारतात मतपत्रिकेवर शिक्का मारण्याचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना तो शिक्काही आठवत असेल : बाणांची फुली, स्वस्तिकासारखी एकाच दिशेला वळलेली. त्या वळणात मोठी युक्ती दडली आहे. ओल्या शाईची मतपत्रिका घडी घातली की शाईचा ठसा समोरच्या भागावर, दुसऱ्याच उमेदवाराच्या चिन्हावर उमटू शकतो. मग दोन ठसे दिसतात. खरा कोणता? साधी फुली असती तर सांगता आलं नसतं, कारण फुलीचं आरशातलं प्रतिबिंबही फुलीच असतं. वळलेल्या बाणांचं प्रतिबिंब मात्र उलट्या दिशेला वळतं. मोजणारा पाहताक्षणी सांगू शकतो की हा हाताने मारलेला शिक्का आणि हा घडीचा डाग. लाखो मतं बाद होण्यापासून वाचवायची तरतूद एका रबरी शिक्क्याच्या आकारात करून ठेवलेली होती.

ठसा अस्पष्ट असला किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा उमटला असला, तरी हेतू स्पष्ट असेल तर निव्वळ तेवढ्यावरून मत बाद करू नये, असं १९६१ चे आपले निवडणूक नियमही सांगतात.

२००४ पासून लोकसभेच्या सगळ्या जागांवर मतदान यंत्रं आली आणि अर्धवट खुणांचा प्रश्न मिटला. यंत्रावर रिझल्टचं बटण शंभरदा दाबलं तरी आकडा तोच येणार. मग फेरमोजणीत पाहायचं काय? एक, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी, जी काचेआड सात सेकंद दिसून पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात, आणि आकडे जुळले नाहीत तर नियमाप्रमाणे चिठ्ठीचा आकडा खरा धरतात. अखेरचा शब्द कागदाचाच! आणि दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे यंत्रातला आकडा तक्त्यात उतरवणारा माणसाचा हात.

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाची गोष्ट याच हाताची. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्राच्या आकड्यांत दोन उमेदवारांची मतं अदलाबदल झाली, अशी तक्रार होती. प्रकरण खालून वरपर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गावातल्या सगळ्या केंद्रांची यंत्रं दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात आणली गेली आणि निबंधकांनी, दोन्ही पक्षांसमोर, चित्रीकरण करत, ३,७६७ मतं पुन्हा मोजली. १,०५१ विरुद्ध १,०००. आधी हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकला होता. यंत्रांच्या स्मृतीत खरा आकडा पावणेतीन वर्षं तसाच शाबूत होता.

आणि आपल्या दाराशी घडलेलं उदाहरण तर कुणी विसरलं नसेल. ४ जून २०२४, मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघ. यंत्रांतल्या मतांमध्ये अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. नऊ लाखांच्या झुंजीत एका मताचं अंतर! मग टपाली मतं मिळवली गेली : कीर्तिकरांना १,५०१, वायकरांना १,५५०. वायकर ४८ मतांनी निवडून आले. विजयाचं अंतर बाद टपाली मतांच्या संख्येपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्याप्रमाणे तीही तपासली गेली. कीर्तिकरांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. त्या याचिकेत एक मुद्दा ‘प्रदत्त मतां’चा होता. तुमच्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर आजही तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात बंद राहते, मोजली जात नाही. न्यायालयाने सांगितलं तरच उघडते. राजस्थानात नाथद्वारा इथे २००८ साली सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले, तेव्हा अशाच पाकिटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.

मागेल त्याला का देऊ नये?

इतकं असेल तर मागेल त्याला फेरमोजणी का देऊ नये? आपल्याकडे उमेदवार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी कारणं देऊन ती मागू शकतो. अधिकाऱ्याने मान्य करावी किंवा लेखी कारणं देऊन नाकारावी. निकाल लागल्यावर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. पण नुसता संशय पुरत नाही. काही सापडतंय का पाहू, म्हणून मतपत्रिका उघडता येणार नाहीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६४ पासून घेतली आहे. मताची गुप्तता एकदा सैल झाली की ती पुन्हा घट्ट होत नाही, आणि प्रत्येक निकाल वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला तर राज्य कुणी चालवायचं, हाही खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच वजनदार. संशयाचा पुरावा ज्या पेटीत आहे ती पेटीच उघडू दिली नाही, तर पुरावा आणायचा कुठून? निवडणुकीचा निकाल जिंकणाऱ्याला समजावावा लागत नाही. तो समजवायचा असतो हरणाऱ्याला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाखोंना.

मिनेसोटा आणि फ्लोरिडा शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. दोन्हीकडे माणसं तितकीच पक्षाभिमानी होती, वकील तितकेच चिवट. फरक होता तो नियम कधी ठरले यात. कोणत्या अंतराला फेरमोजणी, कोणती खूण म्हणजे मत, शंका आली तर निवाडा कुणाचा, हे कोण पुढे आहे ते कळण्याआधी ठरलेलं असेल, कागद जपून ठेवलेला असेल आणि वाचन सगळ्यांच्या देखत होत असेल, तर आठ महिने लागले तरी हरणारा माणूस शेवटी हार मान्य करतो. अमुक इतक्या अंतराखाली आपोआप फेरमोजणी, अशी मर्यादा आपल्या कायद्यात नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं. मग फेरमोजणी मागणं हे कुणावर केलेलं दोषारोपण राहणार नाही, ते मोजणीचं नेहमीचं शेवटचं पाऊल होईल.

ईश्वरचिठ्ठी

आणि इतकं सगळं करूनही कधी दोन्ही पारडी समसमान राहतात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या एका मतदारसंघात २०१७ साली फेरमोजणीनंतर एका मताचा फरक उरला. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका वाचली. दोन्ही अंडाकृती भरलेल्या, एकीवर तिरकी रेघ. ते मत ग्राह्य ठरलं आणि दोघांची ११,६०८ मतं झाली. एका वाडग्यात दोन नावं टाकून एक उचललं गेलं. त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी उचलली गेली. शहांचं नाव निघालं. आपल्याकडे या चिठ्ठीला मोठं सुंदर नाव आहे : ईश्वरचिठ्ठी.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लोकसभा-विधानसभेसाठी याची तरतूद आहे, कलम ६५. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याला विजयी करा, असं तिथे नुसतं म्हटलेलं नाही. त्या उमेदवाराला आणखी एक मत मिळालं आहे असं समजून पुढे चला, असं ते कलम सांगतं. मी ती ओळ कितीदा तरी वाचली आहे. गावातल्या म्हातारीला एक मत, उद्योगपतीला एक मत, सरडेमाणसं लिहिणाऱ्या त्या अनोळखी मतदारालाही एकच. आणि निवाडा ईश्वरावर सोपवायची वेळ आली, तर कायदा त्याच्याही हातात एकच मत देतो.